एको बेसवरचा हल्ला: हाताने चालवलेली फौज

[पांढरं क्षितिज, काळे ठिपके]

आधी काहीच दिसत नाही, नुसता बर्फ. मग लांबवर काळे ठिपके हलायला लागतात, खंदकातला शिपाई दुर्बीण लावतो, आणि दुर्बिणीत दिसतात ते पाय. आत्ता स्क्रीनवर जे चालत येतंय ना, त्याच्याकडे नीट बघा, कारण पुढची काही मिनिटं आपण त्या पायांबद्दलच बोलणार आहोत.

गोष्ट थोडक्यात सांगतो, चित्रपट स्टार वॉर्स मालिकेतला आहे. होथ नावाचा बर्फाळ ग्रह, तिथे बंडखोरांनी लपवलेला तळ, एको बेस. साम्राज्याने जागोजागी हेर यंत्रं सोडलेली असतात, त्यातल्या एकाला हा तळ सापडतो आणि नष्ट होण्याआधी ते चित्रं पाठवून मोकळं होतं. म्हणजे तळ गुप्त राहिलेला नाही. पण तळावर ऊर्जेचं कवच आहे, वरून मारा करून उपयोग नाही, म्हणून साम्राज्याची फौज जमिनीवरून चालत येते, वॉकर नावाच्या चार पायांच्या महाकाय यंत्रांतून, आणि कवचाचा जनरेटर फोडणं हे तिचं काम. चित्रपट 1980 चा, द एम्पायर स्ट्राइक्स बॅक, दिग्दर्शक अर्व्हिन कर्शनर. एवढी मोठी लढाई शेवटाला न ठेवता सुरुवातीलाच टाकलीय आणि त्यात नायकांची बाजू हरते, हे त्या काळात मोठंच धाडस होतं असं मला वाटतं.

[फिन्से, रेल्वे स्टेशन, मागे हिमनदी]

हे नॉर्वेतलं फिन्से. उंची 1,222 मीटर, ऑस्लो ते बर्गन रेल्वेलाइनवरचं स्टेशन, गाडीरस्ता नाहीच, यायचं तर ट्रेननेच. मार्च 1979 मध्ये युनिट इथे उतरलं आणि शूटिंग सुरू होताच हिमवादळाने गाठलं. तापमान उणे 20 च्याही खाली, कॅमेरे गोठतायत, बाहेर उभं राहायची सोय नाही. तर कर्शनरनी काय केलं, नायकाचं काम करणारा मार्क हॅमिल गुहेतून बाहेर पडून बर्फात धडपडतो तो शॉट घेताना कॅमेरा ठेवला हॉटेलच्या दारात, म्हणजे कॅमेरावाले आडोशाला आणि हॅमिल बिचारा बाहेर वादळात. दुसरा मुख्य नट हॅरिसन फोर्ड, त्याला इथे बोलवायचं ठरलेलंच नव्हतं, पण वादळामुळे शेड्यूल बदललं, घाईने बोलावलं आणि तो शेवटचा टप्पा बर्फ कापणाऱ्या इंजिनात बसून रात्री उशिरा पोचला.

आणि हे खंदकातले शिपाई बघा. यातले बरेचसे नट नाहीत, नॉर्वेच्या रेड क्रॉसचे डोंगरात बचावकार्य करणारे स्कीअर आहेत. त्यांना बर्फात कसं पळायचं ते शिकवावं लागलं नाही. बदल्यात निर्मात्यांनी रेड क्रॉसला देणगी दिली.

[टेबलावरचा सेट, फळीतून वर आलेला माणूस]

आता हा फोटो. बर्फाच्या मैदानाच्या मधोमध एक माणूस कमरेपर्यंत वर आलाय, त्याच्या शेजारी वॉकर, आणि वॉकर त्याच्याहून लहान. ही जागा नॉर्वे नाही, कॅलिफोर्नियातलं सॅन राफेल, चित्रपटाचे व्हिज्युअल इफेक्ट्स करणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक कंपनीची कार्यशाळा. वॉकरची उंची साधारण अर्धा मीटर. बर्फ म्हणजे खायचा सोडा आणि त्यात काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे. मागचं आकाश आणि डोंगर माइक पँग्राझिओने रंगवलेले आहेत, चक्क ब्रशने.

रंगवायची वेळ का आली, हे समजून घेण्यासारखं आहे. तेव्हा निळ्या पडद्यासमोर मॉडेल शूट करून ते नंतर दुसऱ्या फिल्मवर बसवायचे, पण या जोडकामात मॉडेलभोवती काळी कड राहायची. काळ्या अंतराळात ती लपून जाते, कुणाला कळतही नाही. पांढऱ्या बर्फावर लपणार कशी? म्हणून जमेल तिथे वॉकर, जमीन, आकाश सगळं एकदाच कॅमेऱ्यासमोर मांडून घेतलं. बंडखोरांची छोटी स्नोस्पीडर विमानं मात्र जोडावीच लागली आणि त्यांच्या कॉकपिटच्या चौकटीतूनसुद्धा मागचा बर्फ आरपार दिसायचा, ते थेट 1997 च्या आवृत्तीत कॉम्प्युटरने दुरुस्त झालं.

पण माझ्यासाठी खरं काम आहे ते चालवण्याचं. जॉन बर्ग आणि फिल टिपेट, ही दोन नावं लक्षात ठेवा. सेट उंचावर बांधलेला, त्यात जागोजागी झडपा, अ‍ॅनिमेटर खालून वर यायचा, वॉकरचा पाय केसभर पुढे करायचा, गुडघा, घोटा, डोकं, सगळं थोडं थोडं सरकवायचा, परत खाली जायचा, झडप लावायची, एक फ्रेम शूट, यालाच स्टॉप मोशन म्हणतात. मग परत वर. एका सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटला 120 वेळा हेच. वॉकर चारचार असतील तर प्रत्येकाचे चार पाय, आणि मधे कुणाचं कोपर सोड्याला लागलं तर पडद्यावर बर्फ आपोआप उडी मारणार, म्हणजे शॉट गेला. डेनिस म्युरेन कॅमेरा सांभाळत होते, आणि पाय खाली पडताना बर्फ उडतो तोसुद्धा कुणीतरी फ्रेम-फ्रेम करून उडवलाय!

चाल कुठून आली? खऱ्या हत्तीला चालवून त्याचं शूटिंग केलं आणि त्याचा अभ्यास केला. वजन कुठल्या पायावर जातं, खांदा कधी खाली येतो, ते सगळं तिथून घेतलंय. एकेका फ्रेमने हलवलेल्या मॉडेलमध्ये एक झटका राहतो कारण प्रत्येक फ्रेममध्ये ते स्थिर असतं, हलतानाचा पुसटपणा येत नाही. याच चित्रपटातल्या टॉनटॉन या प्राण्यासाठी तो झटका नको होता, म्हणून तिथे शटर उघडं असतानाच बाहुली मोटरने थोडी हलवली. वॉकर मात्र यंत्र आहे, त्याला तो झटका शोभतो, किंबहुना त्यामुळेच तो इतका जड आणि निर्दयी वाटतो. आणि तो कोसळतो तो शॉट बघा, तिथे कॅमेऱ्याने सेकंदाला जास्त फ्रेम घेतल्यात, म्हणून पडद्यावर तो भरपूर वेळ घेऊन पडतो.

[वॉकरची पावलं, फक्त आवाज]

हा आवाज बनवला ध्वनी संयोजक बेन बर्टने. धातूला भोकं पाडणाऱ्या प्रेसचा दणका आणि त्यात काँक्रीटवर टाकलेल्या सायकलच्या चेन. हेडफोन लावून ऐका, चेन वेगळी ऐकू येते.

[जनरेटरचा स्फोट]

जनरेटर फुटतो, कवच जातं, तळ पडतो आणि वाचलेले मिळेल त्या यानाने निघून जातात.

[ऑस्करची बाहुली]

1981 ला या चित्रपटाच्या व्हिज्युअल इफेक्ट्सना खास ऑस्कर मिळालं, घेणारे चौघं: ब्रायन जॉन्सन, रिचर्ड एडलंड, डेनिस म्युरेन, ब्रूस निकोल्सन. चौघंही हक्काचे मानकरी, त्यात वादच नाही. पण ज्यांनी ती फौज हाताने पुढे सरकवली ते बर्ग आणि टिपेट त्या यादीत नाहीत. टिपेटला ऑस्कर मिळालं ते 1984 ला, रिटर्न ऑफ द जेडायसाठी. म्हणून पुढच्या वेळी हा हल्ला बघाल तेव्हा शेवटची नामावली येईपर्यंत थांबा, स्टॉप मोशनवाल्यांच्या ओळी सापडेपर्यंत बंद करू नका.