ताई का शिकवतात?

मंडळी, नमस्कार.

गेल्या रविवारी गाण्याच्या क्लासहून परतताना लेक म्हणाली, "आई, ताईंना मोठी गायिका होता आलं नाही, म्हणून त्या शिकवतात, हो ना?" सिग्नल सुटला, मागच्यानं हॉर्न दिला, तरी मला गाडी हलवायचं भान नव्हतं.

घरी आल्यावर तिला मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकांची गोष्ट सांगितली. १८२५ साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा इटालियन ऑपेरा झाला तो त्यांच्या वडिलांच्या कंपनीचा. त्यात विशीतला मान्युएल फिगारोच्या भूमिकेत, धाकटी बहीण रोझिनाच्या. पण गळ्यावर ताण पडला आणि ऐन तरुणपणी रंगमंच सुटला. मग शिकवायला लागले. १८४१ साली पॅरिसला त्यांच्याकडे जेनी लिंड आली. वीस वर्षांची, स्वीडनची लाडकी गायिका, पण आवाज पार बसलेला. गार्सियांनी आधी काय शिकवलं? गप्प राहायला. सहा आठवडे गळ्याला पूर्ण विश्रांती, मग धडे. तो गळा पुढे युरोप-अमेरिकेत गाजला. स्वतःचा आवाज गमावलेल्या माणसाला दुसऱ्याचा कसा जपायचा हे कळलं होतं.

आपल्या याच लंडनमध्ये त्यांनी रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये १८४८ पासून १८९५ पर्यंत शिकवलं. दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा घशात धरायचा, दुसऱ्या आरशानं त्यावर उन्हाचा कवडसा पाडायचा, अशा रीतीनं १८५४ मध्ये त्यांनी स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. घशाच्या डॉक्टरांना वाट दाखवली ती एका गाण्याच्या मास्तरानं!

आणि आपले भास्करबुवा बखले? आवाज फुटल्यावर किर्लोस्कर नाटक कंपनी सुटली. पुढे त्यांनीच बालगंधर्वांना तालीम दिली.

आता थोडं रागावते. पुण्याहून कलाकार आले की आपण हार घेऊन विमानतळावर हजर. पण दर रविवारी त्या गार हॉलमध्ये एकटीनं पेटी उचलून आणणाऱ्या ताईंची फी 'पुढच्या टर्मला देऊ'. दोन टर्मची माझ्याकडूनही राहिली होती, परवा दिली. गेल्या रविवारी माझ्या लेकीचा गंधार लागेना, तर ताईंनी वीस मिनिटं तो एकच स्वर धरला. "परत. घाई नको." शेवटी लागला, तेव्हा ताईंनी डोळे मिटून घेतले.

गोष्ट ऐकून लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई पुढच्या वर्षी आहेत ना?"

मी फोन करून विचारलं. ताई म्हणाल्या, "बघू."