दुर्घटनेनंतर कामावर परतणारी माणसं

कामाच्या ठिकाणी काही भयंकर घडलं, कुणी मशीनमध्ये सापडलं, कुणी सगळ्यांदेखत कोसळलं, की दुसऱ्या दिवशी एक ठरलेला कार्यक्रम होतो. सगळ्यांना हॉलमध्ये बसवतात, बाहेरून समुपदेशक येतो आणि म्हणतो, ‘बोला, मन मोकळं करा.’ हेतू चांगलाच असतो. तरीही माझं सांगणं आहे, मंडळी, सक्तीने हे करू नका.

या बैठकीला डीब्रीफिंग म्हणतात. जेफ्री मिचेल यांनी 1983 मध्ये आपत्कालीन सेवेतल्या लोकांसाठी ती मांडली आणि पुढे ती जिथे तिथे वापरली गेली. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या 2002 च्या आढाव्यात तोवरच्या चाचण्या तपासल्या, तेव्हा अशा एका बैठकीने पुढचा मानसिक आजार टळतो असं दिसलं नाही. भाजलेल्या रुग्णांच्या एका चाचणीत तर बैठक झालेल्यांची अवस्था वर्षभराने इतरांपेक्षा वाईट निघाली. या चाचण्या मुख्यतः एकेकट्या माणसांवरच्या होत्या, गटावरच्या नव्हत्या, हा आक्षेप रास्त आहे. तरी उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनेही 2018 मध्ये हा प्रकार टाळायलाच सांगितलं.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेची 2011 ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका सांगते : पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. ऐकायला फार मोठं काही वाटत नाही, पण यातलं पहिलंच काम आपण नीट करत नाही. कुणाला धक्का बसलाय याची यादी काढा म्हटलं, की अपघाताच्या जागी उभे असलेले चौघे लिहिले जातात. ज्याने त्या दिवशी मृतासोबत पाळी बदलून घेतली होती, तो घरी होता म्हणून सुटतो. खरं तर त्याला सगळ्यात आधी गाठायला हवं. नंतर ती फरशी ज्याने धुतली तोही सुटतो. तो कंत्राटी असतो, हजेरीपटावर त्याचं नावच नसतं.

पहिल्या दिवसांत लोकांना उपदेश नको असतो, माहिती हवी असते. जखमीची तब्येत कशी आहे, उद्या काम चालू आहे का, पगार कापणार का? हे साहेबाने स्वतः, जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांगावं. नाहीतर ते काम अफवा करतात. पुढच्या आठवड्याच्या ड्यूटी चार्टवर मृताचं नाव छापून येणार नाही ना, हे बघा. त्याचं लॉकर कोण उघडणार, सामान घरी कोण पोचवणार, हे आधी ठरवा आणि जवळच्या सहकाऱ्याला विचारून ठरवा.

आणखी एक. चौकशी समितीतल्या माणसाने ‘कसा आहेस रे?’ विचारायला जाऊ नये. समोरचा जपूनच उत्तर देणार. चूक कुणाची हे शोधणारे वेगळे आणि आधार देणारे वेगळे, हे सगळ्यांना स्पष्ट दिसलं पाहिजे.

झोप उडणं, दचकणं, तो आवाज पुन्हा कानात येणं, हे पहिले काही आठवडे होतं आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. त्याला लगेच रोगाचं नाव देऊ नका. मात्र महिना उलटला तरी माणूस त्या जागेकडे फिरकत नसेल, चिडचिड किंवा दारू वाढली असेल, तर तज्ज्ञाकडे पाठवा. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारा बोलण्याचा उपचार), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन त्या आठवणींवर काम करणारा उपचार) यांना चांगला पुरावा आहे. जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर महिन्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी न्यायचं.

आणि सुपरवायझर? रुग्णवाहिका त्यानेच बोलावली, घरी फोन त्यानेच केला, दुसऱ्या दिवशी पाळीही त्यानेच लावली. सगळे म्हणतात, ‘खंबीर आहे हो!’ त्याच्याकडे कोण बघणार, हे वरच्यांनी नाव घेऊन ठरवावं लागतं. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी ते नाव कुणाला सांगता आलेलं नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.