विरजण, दगडी आणि कोलिस्टिन

अध्यक्ष महाराज आणि श्रोतेहो, निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कोंबडीच्या खाद्यातील प्रतिजैविके’ असे छापले आहे. त्याकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी आमच्या घरच्या दह्याविषयी बोलणे भाग आहे.

मी पशुवैद्यकाच्या नोकरीत असताना, एका डिसेंबरात, शेजारच्या गोठ्यातील संकरित गाईला दगडी, म्हणजे कासदाह, झाली. कासेचा एक भाग धोंड्यासारखा टणक लागत होता आणि धारेतून गुठळ्या पडत होत्या. मी सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली आणि मालकाला बजावले की, वेष्टनावर छापलेली मुदत संपेपर्यंत हिचे दूध रतिबाला घालायचे नाही आणि डेअरीलाही द्यायचे नाही. मालकाने मान डोलावली. (गोठ्यावर काम केलेल्यांना त्या मान डोलावण्याचा अर्थ ठाऊक असेल.) आमचा रतीब त्याच गोठ्याचा होता. दुसऱ्या रात्री लावलेले विरजण सकाळी पाहावे तो वर साय आणि खाली पातळ दूध. पत्नीने आधी विरजणाला दोष दिला, मग थंडीला, आणि मग मला. तिसरे निदान अचूक होते. दूध उकळले तरी त्यातील औषध पुरते नाहीसे झाले नव्हते आणि त्याने विरजणातील जीवाणूंनाच गारद केले होते.

माझी तक्रार अशी की, ही हकिगत ऐकणारा दर वेळी एवढेच म्हणतो, “म्हणजे दुधात औषध असते तर!” कधी कधी असते, पण मुदत पाळली की तो प्रश्न मिटतो. न खपणारे ते दूध वासराला पाजण्याची आपली रीत मात्र कोणाला खटकत नाही. वासराच्या आतड्यात त्या थोड्याशा औषधाने लेचेपेचे जंतू मरतात, त्याला न जुमानणारे उरतात, त्यांची संख्या वाढते आणि शेणावाटे ते उकिरड्यावर व तिथून वावरात पोहोचतात.

चिठ्ठी आली आहे, तेव्हा कोंबडीचे थोडक्यात सांगतो. खाद्यात प्रतिजैविक अल्प प्रमाणात मिसळले की पिल्ले लवकर भरतात, हे अमेरिकेत 1950 च्या सुमारास लक्षात आले, आणि आजारी नसलेल्या पक्ष्यांना औषध चारण्याची प्रथा पडली. 1976 साली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टुअर्ट लेव्ही यांनी मॅसॅच्युसेट्समधील एका फार्मवर दाखवून दिले की, टेट्रासायक्लिन गटातील औषध खाद्यातून दिल्यावर आठवड्याभरात कोंबड्यांच्या आतड्यांत त्याला दाद न देणारे जंतू माजतात आणि काही महिन्यांत ते फार्मवरच्या कुटुंबातही आढळतात. पुढे कोलिस्टिन. मूत्रपिंडांना अपाय होतो म्हणून डॉक्टरांनी बाजूला ठेवलेले हे प्रतिजैविक, बाकीची निकामी होऊ लागल्यावर, अतिदक्षता विभागात अखेरचा उपाय म्हणून परतले. त्याच काळात ते खाद्यातही जात होते. नोव्हेंबर 2015 मध्ये चीनमधील डुकरे, मांस आणि रुग्ण यांच्यातील जंतूंत कोलिस्टिनला न जुमानण्याची ताकद देणारे एमसीआर-1 हे जनुक सापडल्याचे प्रसिद्ध झाले. ते प्लास्मिडवर, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या डीएनएच्या कड्यावर, बसलेले असल्याने प्रतिकार वंशजांपुरता राहत नाही, शेजाऱ्यालाही मिळतो. भारताने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर जुलै 2019 मध्ये बंदी घातली.

मागच्या रांगेतून विचारले आहे की, मग कोंबडी खावी की नाही. खुशाल खावी, नीट शिजलेल्या मांसातील जंतू मरतात. फक्त कोंबडी चिरलेली सुरी न धुता तिनेच कोशिंबिरीची काकडी चिरू नये, आणि ती फळीही आधी साबणाने घासून घ्यावी.