पोळलं, पण कळलं नाही

(दृश्य : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं घर. पहाट. चुलीवर पेजेचा टोप.)

वाळपईजवळच्या या घरात दोन पावसाळ्यांपूर्वीची सकाळ. बाईंनी नेहमीसारखा टोप उतरवला आणि सून ओरडली, ‘आई, हात! फडकं कुठं आहे?’ बाईंना काहीच जाणवलं नव्हतं. फोड दुपारी आले.

दुखत नसेल तर डॉक्टरकडे कोण जातं? मलम लावलं, विषय संपला. मग हळूहळू उजव्या अंगठ्याखालचं मांस उतरलं, बोटं आखडली. वाड्यावर कुजबुज सुरू झाली : महारोग तर नव्हे?

(दृश्य : कदंब बस. बांबोळीचा चढ.)

बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. १८४२ साली पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा हा वारस. बाई इथे आल्या ते मुलाने हट्ट धरला म्हणून.

डॉक्टरांनी आधी कापूस फिरवला. ‘मावशी, कळतंय?’ ‘कळतंय की.’ मग दोन काचनळ्या, एकीत गरम पाणी, दुसरीत गार. डोळे मिटलेले. ‘दोन्ही एकसारख्याच लागतात हो.’

अंगावर चट्टा नाही, कोपराजवळची नस जाडावलेली नाही. म्हणजे महारोगाची खूण नाही. संशय हातावरून उठला आणि मानेत शिरला.

(दृश्य : एमआरआयची चित्रं.)

मज्जारज्जूच्या मधोमध ही पांढरी रेघ दिसते ना, ती पाण्याने भरलेली पोकळी. सिरिंगोमायेलिया. ग्रीक भाषेत सिरिंक्स म्हणजे पावा. वेदना आणि ऊन-गार सांगणारे तंतू मज्जारज्जूत शिरले की मधूनच पलीकडच्या बाजूला ओलांडतात. स्पर्शाचे तंतू मात्र मागच्या अंगाने सरळ वर जातात. पोकळी मधोमध फुगते, ओलांडणारे तंतू आधी चिरडले जातात. म्हणून कापूस कळतो, विस्तव कळत नाही.

पण पाणी तिथे का साचलं? उत्तर कवटीच्या तळाशी आहे. तिथल्या भोकातून लहान मेंदूची टोकं खाली घसरली होती. साधारण ५ मिलिमीटरपेक्षा जास्त घसरण असली की तिला किआरी विकृती म्हणतात. हान्स किआरी यांनी १८९१ मध्ये तिचं वर्णन केलं. मेंदूभोवतीचं पाणी दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास तयार होतं आणि प्रत्येक ठोक्यासरशी या भोकातून खाली-वर हलतं. बूच बसलं की त्याची वाट अडते. खोकताना मानेत उठणारी कळ त्याचीच. बाई ती डोक्यावरच्या भाऱ्यांच्या खात्यावर टाकत आल्या होत्या.

(दृश्य : शस्त्रक्रियागृह. सूक्ष्मदर्शकाचा दिवा.)

गोळी घेऊन बूच निघत नाही. रुग्णाला पालथं झोपवून डोकं तीन खिळ्यांच्या चौकटीत घट्ट धरतात. मानेच्या मागे मधोमध चीर. कवटीचा तळाकडचा छोटा तुकडा आणि पहिल्या मणक्याची मागची कमान काढली जाते. खाली मेंदूचं जाड आवरण. ते उघडतात आणि त्यावर ठिगळ शिवतात, बहुधा रुग्णाच्याच अंगातलं. पोकळीला हातही लावत नाहीत! वाट मोकळी झाली की ती बहुतेकदा आपोआप आकसते. सगळ्यात जपायचे ते ठिगळाचे टाके. एक सैल राहिला तरी पाणी कातडीखाली झिरपतं.

(दृश्य : जुनं आणि नवं एमआरआय शेजारी-शेजारी.)

सहा महिन्यांनी रेघ दोऱ्याएवढी उरली. खोकल्याची कळ गेली. अंगठ्याचं मांस परत आलं नाही, उजव्या हाताला ऊन-गार अजूनही कळत नाही. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं : ‘मावशी, आहे तेवढं राखायचं ऑपरेशन आहे हे.’

(दृश्य : तेच घर. न्हाणी.)

चुलीशेजारी आता दोन फडकी टांगलेली असतात. आणि नातवाच्या आंघोळीचं पाणी बाई डाव्या हाताने बघतात.