पहिल्यावरून थेट चौथ्यात

नमस्कार श्रोतेहो. उन्हाळा लागला, पोरांच्या शाळा सुटल्या आणि हिवाळाभर गराजमध्ये कव्हर पांघरून झोपलेली कॉर्व्हेट, म्हणजे शेव्हरोलेची दोन माणसांची स्पोर्ट्स कार, बाहेर निघाली. लांबच्या प्रवासाला हिला न्यायचं म्हटलं की घरातून पहिला आवाज येतो, "ती नको, नुसती गॅस पिते!" गॅस म्हणजे इथलं पेट्रोल.

आजचं बोलणं याच वाक्यावर. गावात, प्रत्येक सिग्नलला थांबत गेलात तर ती पिते, कबूल. हायवेवर मात्र नाही. १९९७ ते २००४ या काळातली कॉर्व्हेट, जिला सगळे सी-फाइव्ह म्हणतात, ती मॅन्युअल गिअरची घ्या. नवी असताना तिच्या काचेवरच्या स्टिकरवर हायवेचा आकडा होता गॅलनला २८ मैल. भारतातून ऐकणाऱ्यांसाठी, लिटरला जवळजवळ १२ किलोमीटर. आठ सिलिंडरचं ५.७ लिटरचं इंजिन आणि लिटरला बारा! हे कसं जमतं ते कळलं की ते मिळवायचं कसं हेही कळतं. त्यासाठी एक किस्सा ऐकावा लागेल. जरा लांब आहे, पण चहा होईतो होईल.

अमेरिकेत १९७८ साली एनर्जी टॅक्स ॲक्ट नावाचा कायदा झाला. त्यातून आला गॅस गझलर टॅक्स. मराठीत म्हणायचं तर ढोसणाऱ्या गाड्यांवरचा कर. आजचा हिशेब असा: शहरातल्या चाचणीला ५५ टक्के वजन, हायवेच्या चाचणीला ४५ टक्के, आणि दोन्ही मिळून गाडी २२.५ मैलांच्या खाली गेली की कंपनीने कर भरायचा. सुरुवात १,००० डॉलरपासून. साडेबाराच्याही खाली गेली तर ७,७०० डॉलर. आणि हा कर नव्या गाडीच्या काचेवरच्या स्टिकरवर छापावा लागतो, म्हणजे शोरूममध्ये आलेल्या प्रत्येकाला तो दिसणार.

जाता जाता सांगतो, हा कर फक्त कारना आहे. पिकअप, मिनीव्हॅन, एसयूव्ही, यांना नाही. पाऊण टन बोजा वाहण्याची ताकद असलेल्या गाडीतून एकटा माणूस दुधाचा कॅन आणायला जातो, त्याला ढोसणारा म्हणायचं नाही, आणि दोन माणसांच्या बुटक्या गाडीला म्हणायचं. असो, हा विषय काढला तर आजची वेळ त्यातच जाईल.

तर १९८९ सालच्या कॉर्व्हेटला नवा सहा गिअरचा गिअरबॉक्स आला. जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा. हायवेच्या चाचणीची काळजी नव्हतीच, तो कर टाळायचा तर घोडं अडत होतं शहराच्या चाचणीत. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडीची चाकं फिरत्या रोलरवर ठेवतात, ड्रायव्हरच्या पुढे पडद्यावर वेगाची रेघ सरकत असते, आणि त्याने त्या रेघेबरोबर गाडी चालवायची. हळू निघा, थोडं जा, थांबा, पुन्हा निघा. इतक्या हळू चालीला मोठं इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये फुकट फिरतं आणि गॅस जाळतं. पहिल्यावरून थेट चौथा टाकला तर इंजिन निवांत फिरेल, आकडा सुधारेल. पण पुस्तिकेत "कृपया चौथा टाकावा" असं छापून कोण ऐकणार? मग कंपनीने ते गाडीकडूनच करून घेतलं.

गिअरबॉक्सवर एक सोलेनॉइड बसवला, म्हणजे वीज मिळाली की खिळीसारखा पुढे सरकणारा दांडा. कॉम्प्युटर तीन गोष्टी बघतो. इंजिन गरम झालंय का, कूलंट साधारण १७० फॅरनहाइटच्या वर. वेग ताशी १५ ते २० मैलांच्या मध्ये आहे का. आणि ॲक्सिलरेटरचं पेडल हलकं दाबलंय का, पाव भागाच्या आतच. तिन्हींचं उत्तर हो आलं की दांडा दुसऱ्या गिअरची वाट अडवतो. तुम्ही पहिल्यावरून लिव्हर सरळ खाली ओढता, मनात दुसरा. लिव्हर मात्र आपोआप शेजारच्या गल्लीत घसरते आणि अलगद चौथ्यात जाऊन बसते. डॅशबोर्डवर दिवा लागतो: एक ते चार.

आता त्या क्षणी काय होतं ते बघा. सी-फाइव्हच्या बॉक्समध्ये दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या एका फेऱ्याला इंजिनचे फेरे किती ते, १.७८, चौथ्याचं १, मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअर-संचाचं, ३.४२. ताशी २० मैलांना दुसऱ्यात इंजिन फिरलं असतं मिनिटाला पंधराशेच्या आसपास. चौथ्यात ते फिरतं साडेआठशेच्या थोडं वर. म्हणजे नुसत्या आयडलपेक्षा, गाडी उभी असताना इंजिन फिरतं त्यापेक्षा, थोडंसंच जास्त. गाडी थरथरते, स्टिअरिंगला बारीक गुदगुल्या होतात, मागचा हॉर्न देतो, आणि नव्या मालकाला वाटतं क्लच गेला. पहिल्यांदा गाडी चालवायला दिलेल्या मेहुण्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पण इंजिनात जोर एवढा, की पेडल हलकं ठेवलं तर ते कण्हत का होईना, ओढतं.

लोक चिडले. कॅमारो आणि फायरबर्डच्या सहा गिअरच्या गाड्यांनाही हेच लावलं होतं, तेही चिडले. मग बाजारात आला एक छोटा प्लग, वीसेक डॉलरचा. गाडी उचलायची, गिअरबॉक्सच्या अंगावरच्या त्या सोलेनॉइडचं कनेक्टर काढायचं, आणि वायरच्या टोकाला हा प्लग बसवायचा. आत एक रेझिस्टर असतो. कॉम्प्युटरला वाटतं सोलेनॉइड जागेवरच आहे, म्हणून इंजिनचा दिवा लागत नाही. सी-फाइव्हचा गिअरबॉक्स पुढे नसून मागे, डिफरन्शियलला चिकटून असतो, त्यामुळे हात मागच्या बाजूने घालावा लागतो, एवढंच. प्लग नको असेल तर फुकटचा उपायही आहे. पहिल्यात पेडल जरा जास्त दाबा, २० मैलांच्या पुढे जाऊ द्या आणि मग दुसरा टाका. वाट मोकळी असते.

गंमत पुढे आहे. या दुसऱ्या-चौथ्याच्या भांडणात मालकांच्या पिढ्या गेल्या, आणि लांबच्या प्रवासात त्याने काडीचा फरक पडत नाही. हायवेवर तुम्ही पहिला गिअर टाकता तो टोलनाक्यावर. फरक पडतो सहाव्याने. सहाव्याचं गुणोत्तर आहे ०.५०. इंजिन तेवढंच फिरवून चाक चौथ्याच्या दुप्पट फिरेल असा गिअर. ताशी ६५ मैलांना चौथ्यात इंजिन फिरतं २,८००. पाचव्यात २,१०० च्या आत. सहाव्यात १,४०० च्या आसपास. चौदाशे! त्या वेगाला छोट्या चार सिलिंडरच्या गाड्यांची इंजिनं याहून बरीच जास्त फिरत असतात. मोठं इंजिन हळू फिरवलं की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जास्त उघडावा लागतो, हवा ओढायला पिस्टनला कमी झटावं लागतं, घर्षणही कमी. शिवाय गाडी बुटकी, हवेच्या विरोधाचा आकडा ०.२९. अठ्ठावीस मैल येतात ते इथून.

म्हणून आजची मुख्य गोष्ट एकदा सांगतो, आणि पुन्हा सांगेन: सहावा टाका आणि ६५ वर धरा. काहींना चौदाशेचा काटा बघून भीती वाटते, इंजिन दबतंय असं वाटतं, आणि ते पाचव्यातच दिवस काढतात. सपाट रस्त्यावर काही दबत नाही. दबतं चढावर, आणि ते ओळखायचं पेडलवरून. वेग टिकवायला पेडल निम्म्याच्या पुढे दाबावं लागतंय असं झालं की पाचवा टाका. तसंच दाबत राहिलात तर कॉम्प्युटर जादा इंधन ओतायला लागतो, आणि सहाव्याची सगळी बचत त्यात वाहून जाते. पेनसिल्व्हेनियातून पश्चिमेकडे निघालात तर डोंगर ओळीने लागतात. तिथे क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, बंद करा. क्रूझला चढ दिसत नाही, वेग घसरला की ते घाईने पेडल दाबतं. चढावर पाच मैल घसरू द्या, पलीकडे उतारावर आपोआप परत मिळतात. लांब उतारावर न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये ठेवून पाय काढा. आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, जरा वर असले की इंधन सोडणारे इंजेक्टर बंदच होतात, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलपुरता गॅस जळतच राहतो, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

वेगाचं गणित सोपं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६५ च्या जागी ८० ने गेलात तर तो दीडपट. निघायच्या आधी टायर थंड असताना हवा बघा, सी-फाइव्हला चारही चाकांत ३० पीएसआय. गाडी चालवून पंपावर गेलात तर टायर तापलेला असतो, आकडा फुगून दिसतो, आणि सकाळी गार झाल्यावर हवा कमीच निघते. तापमान दहा फॅरनहाइट उतरलं की साधारण एक पीएसआय जातो. गॅस प्रीमियमच घाला, ९१ ऑक्टेनचा किंवा वरचा. ८७ घातला तर इंजिनातली ठकठक ऐकणारा नॉक सेन्सर ठिणगी उशिरा पाडायला लावतो, आणि वाचवलेले पैसे मैलांत जातात. छप्पर काढलं की हवेचा विरोध वाढतो, म्हणून ती हौस हायवेच्या आधी किंवा नंतर भागवा. सामानाची काळजी नको. मागच्या काचेखाली भरपूर जागा आहे, चिवड्याचे डबे, लाडू, सगळं मावतं, आणि ते आत असल्याने हवेला दिसत नाही. अधिवेशनाला मिनीव्हॅनच्या टपावर शवपेटीएवढा डबा बांधून जाणाऱ्यांनी मग आपल्याला मायलेज शिकवू नये, एवढंच माझं म्हणणं.

एक बारकी गोष्ट मात्र चुकवू नका. ही गाडी समोरच्या जाळीतून नव्हे, खालून श्वास घेते. नाकाच्या खाली काळ्या रबरी पट्ट्या लोंबतात, एअर डॅम म्हणतात त्यांना. पार्किंगच्या सिमेंटच्या ठोकळ्याला घासून त्या फाटतात, आणि लोक "नुसतं रबर तर होतं" म्हणून सोडून देतात. हायवेवर तीच पट्टी हवा वर रेडिएटरकडे वळवत असते. ती नसली की गावात गाडी ठीक चालते, आणि हायवेला तापमान चढायला लागतं. उलटं वाटतं, पण असंच होतं. निघण्याआधी गुडघ्यावर बसून पट्ट्या मोजा, तीन तुकडे असतात. आणि रेडिएटर व एसीचा कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत पाला, पिसं, प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात, त्याही काढा. दुसरं बघायचं ते चाक. तासभर चालवून थांबलात की चारही रिमजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क पकडणारा चिमटा, सुटत नाहीये. ब्रेक दाबून गाडी ओढल्यासारखं ते आहे.

आता मायलेज मोजायचं कसं. डॅशबोर्डवरचा सरासरीचा आकडा निघताना शून्य करा, तो अंदाजाला चांगला. खरा आकडा पावतीवर. टाकी भरा, पंपाने पहिला खटका दिला की थांबा, वरून पिळू नका. ट्रिप मीटर शून्य. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या खटक्याला थांबा, आणि गेलेले मैल भागिले पावतीवरचे गॅलन. ३९२ मैल आणि १४ गॅलन, झाले २८. हे एकदा करून भागत नाही, दोन-तीन टाक्यांची सरासरी घ्या, कारण एका पंपाचा खटका लवकर बसतो, दुसऱ्याचा उशिरा. गॅस कमी दराने मिळतो म्हणून घाऊक दुकानाच्या पंपावर वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून रांगेत उभे राहणारे हे गणित मुळीच करत नाहीत.

सहावा आणि ६५, पुन्हा सांगितलं. आणि पहिल्या सिग्नलला मेहुण्याकडे गाडी देणार असाल, तर डॅशबोर्डवरच्या त्या एक ते चारच्या दिव्याबद्दल त्याला आधी सांगून ठेवा. नमस्कार.