‘ळ’ची कळ

[काळा पडदा. कळा दाबल्याचा आवाज. थांबतो. पुन्हा सुरू होतो.]

निवेदन:

हा आवाज जरा कान देऊन ऐका. खटखट नाही, खालच्या पट्टीतला आहे. लाकडी पाटावर बोटाच्या पेरानं वाजवावं, तसा.

हा माझा कीबोर्ड. दुकानातून आणलेला नाही, मी आखलेला आणि घरीच जोडलेला. 64 कळा, डावा-उजवा असे दोन सुटे भाग, मधे वीतभर अंतर. आणि उजव्या भागात, ‘य’ला लागून, ‘ळ’साठी एक स्वतंत्र कळ.

त्या एका कळीसाठी माझं जवळजवळ सगळं वर्ष गेलं.

[खिडकीजवळचं टेबल. शब्दकोश, चहाचा कप, लॅपटॉप.]

मी भाषांतरं करते, त्यामुळे दिवसभर मराठी टाइप करणं आलंच. माझ्या बोटांना इन्स्क्रिप्टची सवय आहे. 1986 साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं भारतीय लिप्यांसाठी ही मांडणी ठरवली. 1991 साली ती भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 13194 या मानकात आली. तिच्यामागचा विचार मला आजही फार आवडतो. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क दाबला की क, शिफ्ट धरून दाबला की ख. तसंच ग-घ, च-छ, त-थ. काना एकटा दाबला तर ा, शिफ्टसह आ. शाळेतली बाराखडीच कीबोर्डवर पसरून ठेवली आहे. शिवाय कच्या जागी गुजराती माणसाचा क येतो, बंगाली माणसाचाही क तिथेच येतो.

पण ही मांडणी सगळ्या लिप्यांना एकत्र सामावून घेणारी. हिंदीत ‘ळ’ क्वचितच लागतो, म्हणून तो ‘ल’च्या डोक्यावर, शिफ्टमध्ये बसला. मराठीचं काय? वेळ, काळ, जवळ, सगळं, मुळे, मिळून. ‘ळ’वाचून आपला परिच्छेद पुढे सरकत नाही. ‘ण’ तसाच ‘म’वर शिफ्टमध्ये. आणि ‘दुसऱ्या’मधला, ‘कऱ्हाड’मधला तो ऱ, तोही शिफ्टमध्ये, वर त्याला हलन्त जोडायचा.

एक शब्द घेऊ. मिळणाऱ्या.

[पडद्यावर शब्द एकेका कळीनं उमटतो.]

म. वेलांटी. शिफ्ट आणि ळ. शिफ्ट आणि ण. काना. शिफ्ट आणि ऱ. हलन्त. य. काना. एका शब्दाला 12 दाब, त्यातले 3 नुसते शिफ्टचे. ‘असणाऱ्या’, ‘करणाऱ्या’, ‘वळणाऱ्या’ असे शब्द भाषांतरात ओळीओळीला येतात. संध्याकाळी माझ्या दोन्ही करंगळ्या दुखायच्या.

[विविध आकारांचे कीबोर्ड, वरून.]

मेकॅनिकल कीबोर्डांच्या छंदात मी आधीपासूनच होते. या कीबोर्डांत प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो, आत स्प्रिंग आणि धातूची पट्टी. 1980 च्या दशकात जर्मनीच्या चेरी कंपनीनं आणलेला एमएक्स स्विच हा या सगळ्याचा मूळपुरुष. कळ पूर्ण दाबली तर 4 मिलिमीटर खाली जाते, पण बहुतेक प्रकारांत अक्षर निम्म्यातच, 2 मिलिमीटरवर उमटतं. त्याचं पेटंट संपलं आणि चीनमधल्या कंपन्यांनी त्याच मापाचे कितीतरी स्विच बाजारात आणले. तेव्हापासून घरी कीबोर्ड बनवणं आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आलं.

या छंदात छोट्या कीबोर्डांचं सगळ्यांना वेड. आकडे काढा, कंस काढा, बाणांच्या कळा काढा. इंग्रजीला ते परवडतं, 26 अक्षरं राहिली की झालं. पण इन्स्क्रिप्टमध्ये चौकटी कंसाच्या जागी ‘ड’ राहतो. अर्धविरामाच्या जागी ‘च’, अवतरणचिन्हाच्या जागी ‘ट’, तिरक्या रेषेच्या जागी ‘य’. इंग्रजी माणसानं अडगळ म्हणून जो कोपरा मोकळा केला, तिथे आपली नांदती घरं होती. मी असा एक सुबक, इवलासा कीबोर्ड हौसेनं घेतला आणि पहिल्याच दिवशी ‘डोंगर’ लिहिताना अडले. दिसायला देखणा होता, पण ‘ड’ लिहायला दोन कळा एकदम दाबाव्या लागत होत्या.

तेव्हा ठरवलं, आपल्या भाषेच्या मापाचा आपणच शिवायचा.

[पांढऱ्या कागदावर तळहात. पेन्सिलीनं बोटांभोवती रेघ.]

सुरुवात कागदानं केली. हात सैल ठेवला, बोटं नैसर्गिक पडली तिथे टिंबं काढली. मधलं बोट लांब, करंगळी आखूड. नेहमीच्या कीबोर्डवर रांगा तिरक्या सरकलेल्या असतात, कारण टाइपरायटरच्या दांड्यांना एकमेकींच्या मधून जायला वाट लागायची. दांड्या गेल्या, तिरकेपणा राहिला. मी प्रत्येक बोटाला सरळ उभा स्तंभ दिला आणि बोटाच्या लांबीनुसार तो वर-खाली सरकवला. दोन कळांच्या मध्यांत 19.05 मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. हे माप मात्र पाळलं, नाहीतर बाजारातल्या कळटोप्या, म्हणजे स्विचवरची झाकणं, बसत नाहीत.

मग जागावाटप. ‘ळ’ला ‘य’शेजारची कळ. नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, मराठीला एरवी लागत नाही, त्याची जागा ‘ण’ला. डाव्या भागात आतल्या बाजूला एक जादा स्तंभ निघाला, तिथे बॅटमधला ॅ, ऑफिसमधल्या ऑचं चिन्ह आणि तो खास आपला ऱ्, हलन्तासकट एकाच कळीवर. त्या ऱ्च्या कळीवर माझा फार जीव आहे. हा ऱ् इतका नित्याचा असून त्याला कीबोर्डवर अशी सलग जागा मी कधी पाहिली नव्हती.

[अॅक्रिलिकची पारदर्शक पट्टी. चौकोनी भोकं.]

ही पहिली प्लेट. हिच्यात स्विच बसवायचे. चूक सर्वस्वी माझी. मी 3 मिलिमीटर जाडीचं अॅक्रिलिक निवडलं, मजबूत राहील म्हणून. पण स्विचच्या बाजूला जी बारीक खुंटी असते, ती 1.5 मिलिमीटरच्या पत्र्याखाली अडकावी अशी घडवलेली आहे. जाड पट्टीत ती अडकतच नाही. शिवाय भोक 14 मिलिमीटरचं आखलं होतं आणि लेसर कापताना कडेचं थोडं जाळून नेतो, हे हिशेबात धरलंच नव्हतं. कळटोपी काढायला गेले की अख्खा स्विच हातात यायचा, दुखऱ्या दातासारखा. दुसरी प्लेट पुण्याजवळ भोसरीला कापून घेतली, 1.5 मिलिमीटर स्टीलमध्ये. स्विच आत गेला तेव्हा ‘टक’ असा आवाज झाला, आणि मी तो काढून पुन्हा घातला, नुसता तो आवाज ऐकायला.

[सोल्डरिंगच्या धुराची बारीक रेघ.]

64 कळांना 64 वायरी नेता येत नाहीत. मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे कीबोर्ड चालवणाऱ्या चिपला, तेवढे पायच नसतात. म्हणून आडव्या ओळी आणि उभे स्तंभ असं जाळं विणायचं. माझ्या एका भागात 5 ओळी, 7 स्तंभ. 12 वायरींत काम होतं. कंट्रोलर सेकंदाला शेकडो वेळा एकेक ओळ तपासतो, कोणत्या स्तंभातून वीज परत आली ते बघतो. पण आयताच्या तीन कोपऱ्यांतल्या कळा एकदम दाबल्या, तर वीज उलटी फिरून चौथ्या कोपऱ्याचं न दाबलेलं अक्षर उमटवते. ते टाळायला प्रत्येक कळीला एक डायोड, वीज एकाच दिशेनं सोडणारा.

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, डायोडांची पुडी आणली. तांदळाच्या दाण्याएवढा, नारिंगी काचेचा, एका टोकाला काळी रेघ. 64 च्या 64 रेघा एकाच बाजूला यायला हव्यात. रात्री आई शेजारी बसायची आणि प्रत्येक डायोड मला देण्याआधी चष्म्याखालून रेघ तपासायची.

[पडद्यावर आकडे: 14. 17.]

आता सगळ्यात गमतीची गोष्ट. कीबोर्डला मराठी येत नाही. इंग्रजीही येत नाही. ‘क’ची कळ दाबली की तो संगणकाला फक्त 14 हा आकडा कळवतो. त्या 14 ला इंग्रजी के म्हणायचं की क, हे संगणकावर निवडलेली भाषा ठरवते. म्हणून माझी ‘ळ’ची कळ आतून अगदी साधी आहे, ‘शिफ्ट आणि 17’ असं एका दमात सांगणारी. 17 हा ‘ल’च्या कळीचा आकडा. क्यूएमके या कीबोर्डसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तेवढी एक ओळ लिहिली. मिळणाऱ्या, आता 8 दाबांत. शिफ्ट एकदाही नाही.

[एक वयस्कर बाई कीबोर्डसमोर. पाठ ताठ, मनगटं उचललेली.]

ही माझी आई. जिल्हा परिषदेतून लिपिक-टंकलेखक म्हणून निवृत्त झाली. तिची सगळी नोकरी मराठी टाइपरायटरवर, रेमिंग्टन मांडणीवर गेली. तिथे ‘भ’ म्हणजे आधी अर्धा भ, मग काना. कागदावर जसं दिसतं तसंच उमटवायचं. म्हणून वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. संगणकात बरोबर उलटं, उच्चारात येतं त्या क्रमानं.

माझ्या कीबोर्डवर ती रोज संध्याकाळी बसायला लागली. महिन्याभरात अक्षरांच्या जागा तिच्या बोटांत बसल्या. वेलांटी मात्र मागे जाईना. पडद्यावर दरवेळी ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला लटकलेली पोरकी वेलांटी. “हात ऐकत नाही गं,” म्हणाली.

तो ऐकायचा नाहीच. इतक्या वर्षांचा हात आहे. मग कीबोर्डनं ऐकावं.

तिच्यासाठी वेगळी सोय लिहिली. वेलांटी दाबली की कीबोर्ड ती लगेच पाठवत नाही, पोटात धरून ठेवतो. पुढचं व्यंजन आलं की आधी व्यंजन, मग वेलांटी. जोडाक्षराला अडलं. ‘स्थिती’मध्ये स येताच वेलांटी सुटून जायची आणि ‘सि’ व्हायचं. म्हणून आणखी एक अट घातली. त्यानंतर हलन्त आला, तर कीबोर्ड स्वतःच एक पाऊल मागे येतो, वेलांटी पुसतो, हलन्त लावतो आणि वेलांटी पुन्हा धरून बसतो.

[पडदा जवळून. अक्षरं उमटतात.]

आईनं वेलांटी दाबली. काहीच नाही. स. क्षणभर ‘सि’. हलन्त. ‘स्’. थ. ‘स्थि’. मग त आणि दीर्घ ई, तिच्या नेहमीच्या लयीत.

तिनं शब्द एकदा वाचला. मग खाली आणखी एक टाइप केला. पूर्व. थांबून पडद्याकडे बघितलं, चष्मा वर सरकवला.

“वेलांटी झाली,” म्हणाली. “आता रफाराचं बघ.”