आधी लाकूड, मग फळ

[दृश्य : जानेवारीतली सकाळ. कॅनडातलं सॅस्काटून शहर. घरामागच्या अंगणात गुडघाभर बर्फात उभं असलेलं एक बुटकं झाड.]

आज पारा उणे ३६ अंशांवर आहे. श्वास घेतला की नाकातले केस ताठ होतात आणि पापण्यांवर दंव धरतं. समोर वाळक्या काड्यांचा भारा उभा करून ठेवल्यासारखं जे दिसतंय, ते सफरचंदाचं झाड आहे. मागच्या भाद्रपदात या झाडाने आम्हाला दोन बादल्या फळं दिली.

मॅनिटोबा, सॅस्कॅचवन आणि अल्बर्टा हे प्रेअरीचे प्रांत. इथे नजर पोचेल तिथवर सपाट जमीन आहे. उत्तर ध्रुवाकडून निघालेल्या हवेला वाटेत अडवायला एकही डोंगर नाही. याच सॅस्काटूनमध्ये १ फेब्रुवारी १८९३ रोजी उणे ५० अंशांची नोंद झाली आहे. गव्हाची इथे अडचण नाही. तो वसंतात पेरायचा, हिवाळ्याच्या आत कापायचा आणि कोठारात भरायचा. सफरचंदाला कोठार नाही. त्याला सगळा हिवाळा उघड्यावर काढायचा असतो, आणि असे चाळीस-पन्नास हिवाळे.

[दृश्य : फांदीचा आडवा छेद, अगदी जवळून.]

ही पेन्सिलीएवढी फांदी. बाहेरची साल, तिच्याखाली हिरवट पापुद्रा आणि आत लाकूड. कडाक्याच्या थंडीत सालीमधल्या पेशी आपल्यातलं पाणी बाहेर सोडतात. त्याचा बर्फ पेशींच्या बाहेर होतो आणि पेशी वाचते. लाकडातल्या पेशींचं तंत्र वेगळं. त्यांच्यातलं पाणी गोठणबिंदूच्या कितीतरी खाली जाऊनही द्रवच राहतं. पण या सोसण्यालाही सीमा आहे. साधारण उणे ४० अंशांच्या आसपास ते पाणी पेशीच्या आतच एकदम गोठतं आणि लाकूड काळं पडून मरतं. इथल्या हिवाळ्यात पारा नेमका त्या आकड्यापर्यंत उतरतो.

एवढी ताकद झाडात वर्षभर नसते. जुलैतल्या हिरव्यागार फांदीला उणे ५ सुद्धा सोसणार नाही. दिवस लहान व्हायला लागले की झाड वाढ थांबवतं, शेंडे पक्के करतं. मग पहिले हलके हिमकण पडतात आणि त्यांच्या स्पर्शाने दुसरी तयारी सुरू होते. ज्याला वेळेवर थांबता येतं, ते झाड इथे जगतं.

हे मला पहिलं झाड गमावल्यावर कळलं. लहानपणापासून पाहिलं होतं की रोपाला खाऊपिऊ घालावं. म्हणून ऑगस्टमध्ये खत दिलं, सप्टेंबर संपेपर्यंत पाणी घातलं. झाड ऑक्टोबरपर्यंत कोवळी पालवी काढत राहिलं आणि तशा कोवळ्या अंगानेच हिवाळ्यात शिरलं. फेब्रुवारीत खोडाची नैर्ऋत्येकडची साल उभी फाटली. दुपारी त्या बाजूला ऊन लागतं, शिवाय बर्फावरून उलटलेलं ऊनही लागतं. थंडीतही साल तापते, पेशी जाग्या होतात. सूर्य मावळला की तासाभरात पारा कोसळतो आणि जाग्या झालेल्या पेशी मरतात. आता मी खोडाला पांढरा रंग लावतो आणि ऑगस्ट लागला की नत्र बंद.

बुंध्याभोवती जाळीही घालतो. बर्फाखालून उंदीर साल कुरतडतात आणि वरून ससे. बर्फ साचत जातो तसा ससा त्यावर उभा राहून आणखी वरच्या फांद्यांपर्यंत पोचतो. त्यामुळे जाळी उन्हाळ्यात दिसते त्यापेक्षा बरीच उंच लागते.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. उघडं मैदान, मातीची घरं, नांगर.]

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लोक इथे वस्तीला आले, तेव्हा पूर्वेकडची आणि युरोपातली नावाजलेली वाणं त्यांनी लावून पाहिली. ती टिकली नाहीत. १८८६ मध्ये कॅनडा सरकारने प्रायोगिक शेतीची केंद्रं स्थापन केली. त्यांचे पहिले संचालक विल्यम सॉन्डर्स. पेशाने औषधं बनवणारे, कीटकांचे अभ्यासक आणि फळझाडांचं वेड असलेले गृहस्थ. १८८७ मध्ये त्यांनी सेंट पीटर्सबर्गच्या वनस्पती उद्यानातून बियांची एक पुडी मागवली. ते सायबेरियातलं रानसफरचंद होतं. फळ वाटाण्यापेक्षा थोडं मोठं, आंबट आणि तुरट. रोपं मॅनिटोबातल्या ब्रँडनला आणि सॅस्कॅचवनमधल्या इंडियन हेडला लावली. ती हिवाळ्यामागून हिवाळे पार करत गेली, शेंड्यालाही धक्का न लागता.

मग १८९४ पासून सॉन्डर्स यांनी या रानझाडाचा संकर मोठ्या फळांच्या सफरचंदांशी करायला सुरुवात केली. पहिल्या पिढीतून कोलंबिया, ओस्मान अशी वाणं निघाली. झाडं दणकट होती, पण फळं अजून लहान. त्यांचा पुन्हा मोठ्या फळांशी संकर केला, तेव्हा आकार वाढला आणि काटकपणा घटला. गोडी आणि लाकूड एकाच झाडात आणायची ही ओढाताण आजही संपलेली नाही. सॉन्डर्स यांचं नाव बहुतेकांना त्यांच्या मुलाच्या मार्क्विस गव्हामुळे माहीत असतं. मला मात्र ती बियांची पुडी मोठी वाटते.

याच्या आधीच दक्षिणेला, अमेरिकेतल्या मिनेसोटात, एक वेगळी वंशावळ आकार घेत होती. मिनेटोंका सरोवराकाठी पीटर गिडियन नावाचा माणूस वर्षानुवर्षं सफरचंदं लावत होता आणि दर हिवाळ्यात ती मरत होती. शेवटी एक क्रॅब, म्हणजे छोट्या आंबट फळांचं सफरचंद, तेवढं उरलं. असं सांगतात की खिशातले शेवटचे ८ डॉलर त्याने कोटासाठी न वापरता मेन राज्यातून बियाणं मागवायला पाठवले आणि तो हिवाळा फाटक्या कपड्यांवर काढला. त्यातून उगवलेल्या एका झाडाला १८६८ च्या सुमारास चांगली लाल फळं आली. त्याला त्याने बायकोचं नाव दिलं, वेल्दी.

सफरचंदाचं बी लावलं तर आईसारखं झाड कधीच मिळत नाही. प्रत्येक बी म्हणजे नवा जुगार. मिनेसोटा विद्यापीठाच्या फळकेंद्रात असे हजारो जुगार खेळले गेले. तिथून १९२२ मध्ये हॅरलसन हे वाण बाहेर आलं. डीएनएच्या तपासणीत त्याचा एक पालक वेल्दी निघाला. इकडे सॅस्कॅचवनच्या स्कॉट केंद्रात १९३०च्या दशकात रेस्क्यू नावाचं अतिशय काटक छोटं फळ निवडलं गेलं. हॅरलसन आणि रेस्क्यूच्या संकरातून जन्मलं नॉरकेंट. अल्बर्टाच्या वायव्येला असलेल्या बीव्हरलॉज केंद्राने ते १९९० मध्ये लोकांच्या हाती दिलं. गिडियनच्या वेल्दीपासून नॉरकेंटपर्यंत सव्वाशेच्या आसपास वर्षं. माझ्या अंगणातलं झाड नॉरकेंटचं आहे.

[दृश्य : ऑगस्टअखेर. फांदीवर लाल पट्ट्यांची फळं. सुरीने एक फोड कापली जाते.]

चव सांगायची तर सफरचंदात नासपतीचा वास मिसळल्यासारखी. रसाळ आणि कुरकुरीत. थंडी सोसणं पुरेसं नाही, फळ वेळेत पिकायलाही हवं. इथे कडाक्याचं दंव नसलेले दिवस मोजून चार महिन्यांचे. मेअखेरीस बहर आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तोडणी. हिमाचल किंवा काश्मीरची उशिरा तयार होणारी वाणं जगली असती, तरी इथे कच्चीच राहिली असती. डोल्गो नावाचं लालबुंद क्रॅब इथे घरोघर आहे. ते नुसतं खाल्लं तर दात आंबतात. पण त्याचा साखरांबा लावावा. वेलदोडा घालून, मंद आचेवर. रंग असा चढतो की कोकमाची आठवण व्हावी.

[दृश्य : मे महिना. बर्फ वितळलेलं अंगण, ओली काळी माती.]

निफाडच्या मामांना व्हिडिओ कॉलवर खुंटाचं, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते रोप दाखवलं. त्यांची द्राक्षबाग आहे. पारा ५ वर आला की ते रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. मी सांगितलं, ‘‘मामा, खाली सायबेरियन रानसफरचंदाचा खुंट आणि वर नॉरकेंटची काडी.’’ ते लगेच म्हणाले, ‘‘अरे, मग आमच्या डॉगरिजसारखंच की! खाली तगणारं, वर पिकणारं.’’

अगदी तसंच. त्यांचा डॉगरिज हा द्राक्षाचा खुंट दुष्काळ आणि क्षार सोसतो, माझा थंडी. मुळांना तर फांद्यांपेक्षाही जास्त जपावं लागतं, कारण फांदीएवढी थंडी मुळं सोसत नाहीत. त्यांना बर्फाची गोधडी वाचवते. म्हणून इथला शेतकरी वाऱ्याच्या बाजूला झुडपांची ओळ लावतो, की बर्फ तिथे अडून मुळांवर साचावा.

[दृश्य : हात, धारदार चाकू, काडी, पट्टी.]

काडी मार्चमध्ये तोडून ओल्या कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली होती. खुंट चिरायचा, काडीला पाचरीसारखी धार द्यायची आणि एका बाजूचा तरी हिरवा पापुद्रा हिरव्याला भिडवायचा. पट्टी घट्ट बांधायची आणि वरून मेण.

मग जुन्या झाडाकडे वळायचं. या हिवाळ्यात चार रात्री पारा उणे ३८ च्या खाली गेला होता. नखाने शेंड्याची साल खरवडतो. तपकिरी. बोटभर खाली पुन्हा खरवडतो. अजून तपकिरी. आणखी दोन बोटं खाली येतो.

इथे हिरवं आहे. कात्री या हिरव्याच्या जरा वर लावतो.